एकशे एकोणसत्तर मीटर

घड्याळमास्तर हा तोंड कधीच पोळलं नसतानाही ताक फुंकून पिणारा माणूस होता. बायकोनं दार लावलंय म्हटलं की एकदा ओढून बघणार. डॉक्टरनं ताप नाही म्हटलं की घरी येऊन पुन्हा थर्मामीटर लावणार. भिंतीवरच्या कॅलेंडरात आज मंगळवार असला, तर शेजारच्यांच्या कॅलेंडरातही मंगळवारच आहे ना, हे कसल्यातरी निमित्तानं जाऊन पाहून येणार. अशा माणसाबरोबर संसार करणं कठीण, पण शर्यतीची वेळ मोजायला त्याच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही. धावपटू मंडळानं तेवीस वर्षांपूर्वी त्याच्या हातात स्टॉपवॉच दिलं, ते त्यानं आजतागायत दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ दिलं नव्हतं.

त्या रविवारी पाच किलोमीटरची शर्यत होती. भट्टीवाली रेषा ओलांडून गेली आणि मास्तरनं बटण दाबलं. सतरा मिनिटं बारा सेकंद. त्यानं घड्याळ कानाशी धरलं, हलवलं, पुन्हा पाहिलं. सतरा बाराच.

भट्टीवाली म्हणजे बेकरीत भट्टीवर काम करणारी सव्वीस वर्षांची मुलगी. पहाटे चारला कामावर जायची, दुपारी बाराला सुटायची आणि चारला मंडळाच्या रस्त्यावर पळायला यायची. अंगानं काटकुळी, बोलणं कमी. गेल्या वर्षी ती अठरा मिनिटांच्या आसपास होती, यंदा एकदम सतरा बारा. मंडळाच्या दिवाणखान्यातल्या फळ्यावर सगळ्यात वर जो आकडा होता, तो होता सतरा एकोणीस, आणि त्यापुढे नाव होतं मास्तरच्या थोरल्या भावाचं.

थोरला भाऊ, म्हणजे दादा, आता मंडळाचा अध्यक्ष होता. पळणं सुटून जमाना झाला होता आणि पोट त्याच्याआधी दारातून आत यायचं. पण रोज संध्याकाळी फळ्याखालच्या खुर्चीत तो असा बसायचा की नव्या माणसाची नजर आधी त्याच्यावर आणि मग वर आकड्यावर गेलीच पाहिजे. बावीस वर्षं तो आकडा कुणी हलवला नव्हता.

"पोरगी कुठेतरी मधल्या वाटेनं पळते," दादा रविवारीच म्हणाला. "तू काय ते बघ. आणि तोवर कागदावर सही करू नकोस."

कागद महत्त्वाचा होता. निवड समितीचं पत्र आलं होतं. मोजलेल्या पुऱ्या पाच किलोमीटरच्या रस्त्यावर जी मुलगी सतरा चाळीसच्या आत येईल, तिला सहा महिने शिबिरात राहून सराव करता येणार होता. राहणं, खाणं, शिकवणारा माणूस, सगळं त्यांचं. वयाची अट सव्वीस. म्हणजे भट्टीवालीला यंदा नाही तर कधीच नाही. कागदावर वेळ लिहून खाली अध्यक्ष आणि वेळ मोजणारा, अशा दोघांच्या सह्या लागणार होत्या आणि तो शनिवारपर्यंत पोचायला हवा होता.

दादानं सांगायची गरजच नव्हती. मास्तरच्या डोक्यात किडा रविवारीच वळवळायला लागला होता.

सोमवारी पावणेचारला तो रंगाच्या कारखान्यामागे जाऊन बसला. तिथे रस्ता मोठं वळण घेतो आणि वळणाच्या पोटात कारखान्याच्या पडक्या भिंतीला एक भगदाड आहे. त्यातून घुसलं की माणूस अख्खं वळण वाचवून पलीकडे निघतो. मास्तर रिकाम्या पिंपांच्या मागे उकिडवा बसला. गुडघे कुरकुरत होते, नाकात रंगाचा वास जात होता, मुंग्यांनी पायावर रांग धरली होती. चार वाजून अकरा मिनिटांनी भट्टीवाली आली. भगदाडाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. रस्त्याच्या बाहेरच्या कडेनं, म्हणजे उलट चार पावलं जास्तच घेऊन, ती वळणावरून निघून गेली.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, चला, संपलं. मास्तरला वाटलं, हिला आपण इथे आहोत हे कळलं असणार.

मंगळवारी त्याला आठवलं की भट्टीवालीला धाकटी बहीण आहे. दोघी दिसायला सारख्या असतील तर? अर्धा रस्ता एकीनं, अर्धा दुसरीनं! कल्पना सुचली तेव्हा तो स्वतःवर इतका खूश झाला की सदऱ्याचं एक बटण मुद्दाम तोडून तो ती बहीण ज्या शिंप्याच्या दुकानात कामाला होती तिथे गेला. बहीण अंगानं भरलेली होती आणि तिच्या एका गुडघ्याला पट्टा होता. उठून सुई आणायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मास्तरचा तर्क तिथेच मेला.

"ताईची वेळ मोजणारे तुम्हीच ना?" बहिणीनं बटण लावता लावता विचारलं. "ती सांगते, मास्तरांचं घड्याळ म्हणजे देवाचं घड्याळ."

मास्तरला हेही संशयास्पद वाटलं. कारण नसताना कुणी स्तुती कशाला करेल?

घरी बायको हसून हसून लोळायची बाकी राहिली. ती भाड्याच्या मोटारींच्या ऑफिसात कामाला होती. दिवसभर गाड्या येताना-जाताना त्यांचे काटे बघायचे आणि वहीत अंतर लिहायचं, हे तिचं काम. "अहो, कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं," ती म्हणाली. "पोरगी पळते जोरात, एवढं साधं आहे."

"साधं काही नसतं," मास्तर म्हणाला.

बुधवारी त्यानं शास्त्रशुद्ध मार्ग धरला. भगदाडातून गेलं तर नेमके किती मीटर वाचतात, ते मोजायचं. नळखात्यात काम करणाऱ्या शेजाऱ्याकडे मोजणीचं चाक होतं. लांब दांडा, खाली चाक, ढकलत चालायचं, दर मीटरला टक् असा आवाज आणि दांड्यावर आकडा पुढे. मास्तरनं ते मागून आणलं आणि आधी पुरा रस्ता मोजायला घेतला, कारण पुरा माहीत असल्याशिवाय वाचलेला किती ते कसं कळणार?

मंडळाच्या फाटकातल्या पांढऱ्या रेषेपासून तो निघाला. पाण्याची टाकी, कालव्याचा कठडा, लाकडाची वखार, रंगाचा कारखाना, तिथलं वळण, मग शाळेची मागची भिंत आणि परत फाटक. रेषेवर चाक टेकवून त्यानं खाली पाहिलं.

चार हजार आठशे एकतीस.

मास्तर हसला. चाक बिघडलं होतं, किंवा शेजाऱ्यानं मुद्दाम बिघडलेलं दिलं होतं. त्या शेजाऱ्याचा तसा त्याला जुना वहीमच होता. घरी येऊन त्यानं स्वयंपाकघरात खडूनं रेघा मारल्या, बायकोच्या शिवणाच्या टेपनं दहा मीटर आखले. ओट्यापासून दारापर्यंत, दारातून पुढच्या खोलीत, तिथून गॅलरीत. चाक फिरवलं. बरोबर दहा टक्. उलटं फिरवलं. दहा.

"आता टेपही खोटी आहे का?" बायकोनं विचारलं. ती भांडी पुसत होती.

"रस्ता पाच हजारचा आहे. मी स्वतः आखलाय. दादाची ती जुनी मोटार होती ना, परदेशातून आलेली, मैलांच्या काट्याची? तिच्यावर. तीन मैल पुरे झाले तिथे रेषा मारली."

"तीन मैल?"

"तीन मैलांचे पाच किलोमीटर. माझी आकड्यांची साखळी तुला माहीत नाही होय? एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा, एकवीस. शेजारच्या दोघांची बेरीज केली की पुढचा आकडा. मागचा मैल धरायचा, पुढचा किलोमीटर. पाच मैल म्हणजे आठ, आठ म्हणजे तेरा, तेरा म्हणजे एकवीस. कागद लागत नाही, पेन्सिल लागत नाही."

ही साखळी त्याला तरुणपणी कुणीतरी शिकवली होती आणि तेव्हापासून ती त्याची मिरवायची वस्तू झाली होती. जगात त्यानं न तपासता विश्वास ठेवलेली तेवढी एकच गोष्ट.

बायकोनं हातातली थाळी ठेवली. "आमच्याकडे मैलांच्या काट्याच्या चार गाड्या आहेत. आम्ही निम्मे मिळवतो आणि वर दहावा हिस्सा. तीनचे निम्मे दीड, झाले साडेचार. तीनचा दहावा हिस्सा पॉइंट तीन. चार पॉइंट आठ." ती थांबली. "पाच नाही होत हो. चार पॉइंट आठ होतात."

मास्तरनं चाक पुन्हा खडूच्या रेघेवर टेकवलं.

"तुमची ती साखळी मोठ्या आकड्यांना चालत असेल," ती हळू आवाजात म्हणाली. "लहानांना लंगडते."

मोठ्या आकड्यांना ती चालतच होती, तीच तर गंमत. मंडळाचा आठ किलोमीटरचा रस्ताही त्यानंच आखला होता, पाच मैलांवर रेषा मारून. एकदा बाहेरून आलेल्या पंचांनी तो मोजणीची लोखंडी साखळी टाकून मोजला तेव्हा बरोबर भरला. त्यांनी मास्तरची पाठ थोपटली. मग पाच किलोमीटरचा मोजायची गरज कुणाला वाटली नाही आणि मास्तरला तर मुळीच वाटली नाही. त्याला तो दिवस लख्ख आठवला. दादा मोटार चालवत होता, आपण काट्यावर डोळे लावून बसलो होतो आणि तीन झाल्याबरोबर ओरडलो होतो, "थांब, पाच झाले!" मागच्या सीटवरच्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तेवीस वर्षं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत तो दर रविवारी त्या रेषेवर उभा राहत आला होता आणि मुसळ पायाखालीच होतं. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती. रस्ता एकशे एकोणसत्तर मीटरनं तोकडा होता. त्यानं कागद घेऊन हिशोब केला. या वेळी कागद घेतला, पेन्सिलही घेतली. त्याच गतीनं पुरे पाच हजार मीटर पळायला भट्टीवालीला सतरा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद लागले असते. हवे होते चाळीस.

गुरुवारी सकाळी तो दादाकडे गेला. दादा वऱ्हांड्यात पाय सोडून बसला होता. मास्तरनं सगळं सांगितलं. चाक, मोटार, साखळी.

"आणि माझा?" शेवटी दादानं विचारलं. "माझा सतरा एकोणीस?"

"सतरा पंचावन्न."

दादानं पोटावरून हात फिरवला. मग म्हणाला, "सही करून टाक."

"कशावर?"

"पोरीच्या कागदावर! पळाली ना ती? घाम गाळला ना? कशाला बिचारीच्या पोटावर पाय देतोस?"

"रविवारी तूच म्हणत होतास की ती मधल्या वाटेनं पळते."

"रविवारची गोष्ट वेगळी. मी माझी सही कालच केली असं समज." दादानं आवाज खाली आणला. "हे बघ, हे आपल्या दोघांत आहे. चाक परत दे, तोंड बंद ठेव. पोरगी शिबिरात जाईल, फळा आहे तसा राहील. सगळ्यांचंच भलं. आणि तुझंही, विसरू नकोस. तेवीस वर्षं लोकांना खोट्या वेळा सांगणारा म्हणून उद्या तुझ्याकडे बोट दाखवतील."

मास्तर उठला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळत होतं की समोरचा माणूस नेमकं काय लपवतोय, आणि तसं कळल्याचा आनंद मात्र मुळीच होत नव्हता. दादाचं म्हणणं खोटंही नव्हतं. सही केली तर कुणालाच कळणार नव्हतं. तो घरी न जाता तसाच बेकरीकडे वळला, कारण घरी गेलो तर आपण सही करू, असा त्याला स्वतःचाच संशय आला.

बेकरीच्या मागच्या दारात गरम हवेचा लोट आला. भट्टीवाली लांब दांड्याच्या फावड्यानं ब्रेडचे साचे ओढून काढत होती. हातांवर जुन्या चटक्यांचे डाग होते. मास्तरला पाहून तिनं फावडं भिंतीला टेकवलं आणि ओढणीनं तोंड पुसलं.

"कागद झाला का मास्तर?"

त्यानं सांगितलं. वळणं न घेता, एका दमात. ती ऐकत राहिली. भट्टीतला एक साचा करपायला लागला होता तोही तिला कळला नाही. दुसऱ्या बाईनं येऊन तो काढला.

"म्हणजे मी खोटी नाही," ती सावकाश म्हणाली. "रस्ता खोटा."

"रस्ता मी आखला होता."

"मुद्दाम नाही ना आखला."

"नाही."

"मग झालं." तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "आठ सेकंद कमी करायचे. उद्या चारला पळते. पुऱ्या रस्त्यावर. तुम्ही मोजाल ना?"

"तू रागाव तरी," तो म्हणाला. "सोमवारी मी कारखान्यामागे पिंपांआड बसलो होतो. तू भगदाडातून जातेस का, ते बघायला."

"दिसलात की मला," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही वळणावरची वेळ घेताय. माझ्यासाठी एवढ्या वासात बसलात, म्हणून मी जरा जोर लावला."

तिला टोमणा मारायचा नव्हता. ती खरंच तसं समजली होती. मास्तर रस्त्यावर आला तेव्हा त्याला कुठल्याही दिशेला चालवेना. कुणी थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी सकाळी त्यानं नवी रेषा आखली. फाटकाच्या मागे, पंक्चरवाल्याच्या दुकानाच्याही पलीकडे, एकशे एकोणसत्तर मीटरवर. तीन वेळा मोजली. बायको सुट्टी घेऊन आली होती. तिनं चौथ्यांदा मोजली, कुणी सांगितलं नसताना.

चार वाजता बातमी पसरून तीसेक माणसं जमली होती. दादाही आला. रात्रभर त्याला झोप लागली नसावी, कारण चेहरा ओढलेला होता, आणि तो फळ्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. भट्टीवालीनं नव्या रेषेवर पाय ठेवला. मास्तरनं हात खाली आणला.

तिला जाताना पाहिलं आणि मग तो अंतिम रेषेपाशी जाऊन उभा राहिला. तेवीस वर्षांत त्यानं घड्याळ धरून कुणासाठी काही मागितलं नव्हतं. आज तो काट्याकडे बघून मनातल्या मनात म्हणत होता, हळू. जरा हळू. अकरा मिनिटांना कारखान्याकडून कुणीतरी ओरडलं की ती वळणावर आहे आणि जोरात आहे. पंधराला शाळेच्या भिंतीपाशी तिचा लाल सदरा दिसला. सोळा चाळीसला ती सरळ रस्त्याला लागली. तोंड उघडं, खांदे वर चढलेले, पाय जड झालेले. शेवटचे मीटर अंगावर येत होते. लोक ओरडत होते, बायको ओरडत होती. दादासुद्धा ओरडत होता, आणि त्या क्षणी तो खरंच तिच्यासाठी ओरडत होता.

ती रेषेवर आली. मास्तरनं बटण दाबलं.

सतरा त्रेचाळीस.

दादा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. "चाळीसच्या आत म्हण," तो कानाशी कुजबुजला. "अडतीस म्हण. चार-पाच सेकंदांनी कुणाचं काय बिघडतं? तुझ्या हातातलं घड्याळ कोण बघायला येतंय?"

खरोखरच कुणी येत नव्हतं. तीस माणसं तोंडाकडे बघत उभी होती. भट्टीवाली गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती, धाप लागून बोलता येत नव्हतं. तिनं फक्त मान वर करून डोळ्यांनी विचारलं. मास्तरच्या जिभेवर अडतीस आलं होतं. तो शब्द तोंडात गोळीसारखा घोळला. त्याला वाटलं, हिला द्यायला आपल्याकडे दुसरं काही नाही. आणि लगेच वाटलं, हीही पुन्हा न मोजलेली रेषाच होईल, फक्त या खेपेला मुद्दाम मारलेली.

"सतरा त्रेचाळीस," तो म्हणाला.

कुणी टाळी वाजवली नाही. दादा मागे सरला. भट्टीवाली तशीच वाकलेली राहिली, मग सरळ झाली, केस मागे सारले. सव्वीस वर्षं, पहाटेची भट्टी, दुपारचा रस्ता, सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकदा गेलं. डोळे भरून आले ते तिनं बाहीनं पुसले.

मास्तर पुढे झाला. त्यानं घड्याळ तिच्यासमोर धरलं, आकडे तिच्याकडे करून. "बघ," तो म्हणाला. "तू स्वतः बघ. मी म्हणतो म्हणून धरू नकोस." त्याला मनापासून वाटत होतं की तिनं ते हिसकावून घ्यावं, कानाशी धरावं, हलवावं, तुमचं बोट उशिरा पडलं म्हणून भांडावं. निदान एकदा तरी तिनं त्याच्यावर संशय घ्यावा.

"राहू दे मास्तर," ती म्हणाली. "तुम्ही मोजलंत म्हणजे तेवढेच झाले असणार."

आणि घड्याळाकडे न बघताच ती चप्पल घालायला गेली.